एमिली डिकिन्सनला म्हणे वाचक नको होते

‘प्रेमभंग झाल्यावर एमिली डिकिन्सनने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं, जन्मभर पांढरे कपडे घातले, कविता कुणालाच दाखवल्या नाहीत. त्या तिच्या मृत्यूनंतर बहिणीला पेटीत सापडल्या. खऱ्या कवीला वाचक लागत नाही!’ एकोणिसाव्या शतकातल्या या अमेरिकन कवयित्रीबद्दलचा हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. परवा आमच्या एका काकांनी तो माझ्या भाचीला पाठवला. ती कविता करते, म्हणून मुद्दाम, खाली हात जोडून. तेव्हा आता बोलणं भाग आहे.

कुणालाच दाखवल्या नाहीत? शेजारच्या घरात राहणाऱ्या भावजयीला, सुझनला, तिने अडीचशेच्या आसपास कविता पाठवल्या. १८६२मध्ये थॉमस हिगिन्सन या लेखकाला, ओळख ना पाळख, आपणहून पत्र लिहिलं. सोबत चार कविता, आणि प्रश्न असा की माझ्या कवितेत जीव आहे का? वाचक नको असलेली बाई हे विचारते?

आणि तो सापाचा किस्सा. १८६६च्या फेब्रुवारीत ‘स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन’ या वर्तमानपत्राने तिची सापावरची कविता निनावी छापली. बाईंनी हिगिन्सनला कळवलं, की ही माझ्याकडून लुबाडली गेली, वर विरामचिन्हाने तिसऱ्या ओळीची वाट लावली. तिसरी आणि चौथी ओळ न थांबता एकत्र वाचायची होती. एका चिन्हाने ओळ तुटली म्हणून एवढा त्रागा! वाचणारा कुठे थांबणार, याची फिकीर असल्याशिवाय हे होत नाही. छापून येण्याची तिला हौस नव्हती, हे कबूल. पण छापखाना नको म्हणजे वाचक नको, हा शोध काकांचा.

खोलीचं म्हणाल तर नंतरच्या वर्षांत ती घराच्या आवाराबाहेर पडत नसे, हे खरं आहे. तिनेच तसं लिहिलंय. पण त्याआधी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया झालं, डोळ्यांच्या उपचारांसाठी बॉस्टनकडे कित्येक महिने राहणं झालं. आवारात राहूनही खिडकीतून टोपलीने शेजारच्या पोरांना जिंजरब्रेड सोडायची. पांढरे कपडे घालायची. बरं मग?

प्रेमभंगाला पुरावा नाही, नुसत्या अटकळी. उलट पन्नाशीच्या आसपास न्यायाधीश ओटिस लॉर्ड यांना लिहिलेल्या प्रेमपत्रांचे मसुदे मात्र आहेत. ते फॉरवर्डमध्ये कसे येतील!

पेटीची गोष्ट तेवढी बरीचशी खरी. बहीण लव्हिनियाला हाताने शिवलेल्या चाळीसेक वह्या सापडल्या. मग १८९०मध्ये हिगिन्सन आणि मेबल टॉड या संपादकांनी यमकं ‘सुधारून’, शीर्षकं चिकटवून पहिला संग्रह काढला. ओळींमध्ये जागोजागी टाकलेल्या तिच्या डॅशांसकट सगळ्या कविता एकत्र मिळायला अभ्यासक थॉमस जॉन्सनची १९५५ची आवृत्ती यावी लागली. भाचीला तीच द्यायची आहे.