कोड उघडा, म्हणून घर उघडं?

रविवारी ताईचा फोन. ती मुख्याध्यापिका आहे. "तू लॅबमध्ये टाकून दिलेलं ते लिनक्स काढून टाकतेय. धोकादायक असतं म्हणे." लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली, पण ओपन सोर्स, म्हणजे तिचा कोड (आतला प्रोग्राम) सगळ्यांना खुला. पाठोपाठ मुख्याध्यापकांच्या ग्रुपवरचा मेसेज आला. वर 'सावधान!!', खाली 'जनहितार्थ'. मजकूर असा: ओपन सोर्सचा कोड कुणालाही दिसतो, म्हणून हॅकर सहज घुसतात, फुकटच्या मालाला वाली नसतो, जर्मनीनेही कंटाळून ते सोडलं, मुलांना ते जमत नाही.

पहिला मुद्दा वाचून कपाळाला हात लावला. हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवरून आला. व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप म्हणजे सिग्नल प्रोटोकॉल, त्याचा कोड जगजाहीर आहे. ताईचा फोन अँड्रॉइड, त्याचा गाभा लिनक्स. म्हणजे ज्या फांदीवर बसलाय तिलाच शिव्या. आणि २०१७ साली 'वॉनाक्राय' या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ब्रिटनची सरकारी रुग्णालयं ठप्प केली, ती बंद कोडच्या विंडोजमधून.

आता खरं तेही सांगतो. उघडं आहे म्हणून आपोआप सुरक्षित, असं नाही. २०२४ मध्ये फाइल लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या छोट्याशा ओपन सोर्स प्रकल्पात एकानं दोनेक वर्षं विश्वास कमावून चोरवाट घुसवली. ती सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खटकलं आणि तो खोदत गेला. हा गडी नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये! पण खोदायला कोड समोर होता.

मग ताईला विचारलं, लिनक्स काढून त्याजागी काय टाकणार?

"विंडोज. एक जण पेनड्राइव्ह घेऊन येतोय. मशीनचे तीनशे."

"लायसन्स?"

"ते नाही विचारलं. टाकताना अँटीव्हायरस बंद ठेवावा लागतो म्हणाला."

घ्या. हजारो लोकांनी तपासलेला कोड धोकादायक, आणि कुणी कुठे फोडलेला, कुणीच न पाहिलेला माल पहारेकऱ्याला झोपवून आत घ्यायचा! असल्या फॉरवर्डचं खरं नुकसान हे आहे.

मुलांना जमत नाही? केरळात दोन लाखांवर शाळासंगणक लिनक्सवर चालतात, दहावीची आयटीची परीक्षाही मुक्त सॉफ्टवेअरवरच होते. त्यातून ३,००० कोटी वाचल्याचं २०१९ साली तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेनं सांगितलं. आकडा त्यांचाच, हवं तर निम्मा धरा. मुलं तर तीच ना, आपल्यासारखीच?

जर्मनीचं म्हणाल तर म्युनिक हे एक शहर. तिथल्या नगर परिषदेनं २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं, हे खरं. पण त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं २०२४ मध्ये ३०,००० सरकारी संगणक लिब्रेऑफिसवर (एमएस ऑफिससारखंच, पण ओपन सोर्स) न्यायचं ठरवलं. फॉरवर्डवाल्याचं कॅलेंडर मागेच अडकलंय.

वाली नाही? याच मालाची देखभाल विकणारी रेड हॅट कंपनी आयबीएमनं २०१९ साली ३४ अब्ज डॉलरला घेतली. हां, तालुक्याच्या गावी हाकेला धावून येणारा लिनक्सवाला मिळत नाही, हे कबूल. शाळेचा जुना प्रिंटर चालू करताना माझे दोन शनिवार गेले, आणि तो अजूनही मधूनच रुसतो.

पेनड्राइव्हवाल्याला ताईनं तूर्त थांबवलंय. ग्रुपवर टाकायला काहीतरी लिहून दे म्हणाली, म्हणून हे. प्रिंटरसाठी येत्या शनिवारी परत जायचंय.