७८ च्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका
दिवाळीच्या सफाईत कोणाला कोणत्या रेकॉर्ड मिळाल्या, हे लेखात वाचून राहवलं नाही. नौपाड्यात आमच्या शेजारच्या काकूंची इमारत पुनर्विकासाला चाललीय. त्यांच्या माळ्यावरून धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी १८ तबकड्या उतरवल्या. रद्दीत जाणार होत्या हो! त्यातली गायिका हिराबाई बडोदेकरांची ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी) लावली, तर बाजू संपेपर्यंत तीनेक मिनिटं काकू हातातला झाडू घेऊन तशाच उभ्या.

लेखातल्या एका संग्राहकाने सगळ्या रेकॉर्ड स्पिरिटने पुसल्याचं म्हटलंय. एलपीचं, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांचं, ठीक, पण ७८ ला हे कृपया करू नका. त्या बहुतेक लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. खाच गेली की आवाज कायमचा गेला. डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं केलेलं मऊ फडकं खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा. सुईही वेगळी घ्या. ७८ ची खाच एलपीच्या जवळपास तिप्पट रुंद असते, त्यामुळे एलपीची सुई तळाशी घासून नुसती खरखर ऐकू येते.

काकूंच्या ७ तबकड्या ऐकायच्या राहिल्यात. भाऊबीज झाली की काकू ऐकायला येणार आहेत.