मतदार यादीतले व्हायरस

आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरात टीव्हीखाली एक काळा डबा आहे. त्याला नॅस म्हणतात, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांच्या फायली ठेवायची पेटी. बायको 'तुमचा डबा' म्हणते. त्यात २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो आहेत, वडिलांच्या आवाजातली रामरक्षा आहे आणि मी कधीही उघडून न बघितलेले 'महत्त्वाचे कागद' आहेत.

शिवाय एक अँटीव्हायरस आहे. क्लॅमएव्ही, फुकटातला. डबा म्हातारा झाल्यावर त्याचे अपडेट बंद झाले आणि व्हायरसची यादी २०१९ साली थांबली ती थांबलीच. पण पठ्ठ्या कामाला चुकत नाही. दर रविवारी पहाटे दोनला उठून एकेक फाइल तपासायला घेतो. डब्याची मेमरी ५१२ एमबी. ती यादी मावायला तेवढी पुरत नाही. मग रात्रभर डिस्कवर उचल-ठेव. खर्रर्र... खट्. खर्रर्र... खट्.

"अहो, स्वयंपाकघरात उंदीर शिरलाय."

"उंदीर नाही, स्कॅन चाललंय."

"मग सापडतं का काही?"

हे वर्मी लागलं. सकाळी उठून नोंदी काढल्या. इतक्या वर्षांत एकच आरोपी: 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई'. फोल्डरच्या वेषातला हा भामटा सीबीएस बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हला चिकटून आला असणार. त्या काळी झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह देणं म्हणजे गोदाघाटावर चपला काढून ठेवणं. परत मिळायच्या, पण एकट्या नाही.

तरी मला अभिमान वाटला. धरला ना शेवटी!

नेमका त्याच रविवारी हिंजवडीचा भाचा मिसळीला आला. तर्रीत पाव बुडवता बुडवता म्हणाला, "मामा, ही तर आपली मतदार यादी झाली. वारलेले सगळे हजर, नव्यांचा पत्ता नाही."

"अरे, पण जुने चोर तरी पकडतो!"

"त्या चोरांना आता कोण विचारतं? पेनड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप चालणारी भानगड विंडोजनं २०११ मध्ये जुन्या मशीनवरसुद्धा बंद करून टाकली. आणि तुमचा डबा विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या दुसऱ्याच सिस्टीमवर चालतो. विंडोजचा व्हायरस तिथं नुसता पडून राहतो. तुम्ही कॉम्प्युटरवर उघडाल तेव्हाच उठेल, आणि तिथं विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आजची यादी घेऊन बसलेलाच आहे."

"आणि ते खंडणीवाले?"

"ते तुमच्या कॉम्प्युटरमधून, तुमच्याच पासवर्डनं डब्यात शिरतात आणि फायलींना कुलपं लावतात. डब्याला वाटतं, मालकच लिहितोय. नाहीतर २०२२ च्या डेडबोल्टसारखे इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या डब्यात थेट घुसतात आणि ०.०३ बिटकॉइन मागतात. त्यात तुमचा हा म्हातारा काय करणार?"

मी पापड मोडला. म्हातारा म्हणालेलं मला आवडलं नाही. माझंही वय होत चाललंय.

"असू दे की मग एका कोपऱ्यात. खातो काय तो?"

"खातो ना! प्रत्येक फाइल उघडून वाचणं हेच त्याचं काम. वाचणाऱ्यातच भोक असेल तर चोर त्याच्याच हातून आत येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लॅमएव्हीत तसलंच भोक सापडलं होतं. नव्यांत बुजवलं. तुमच्याकडे कोण बुजवणार?"

पुढं काय काय झालं ते थोडक्यात. राऊटरमधून डब्याकडे जाणारी बाहेरची वाट बंद. डब्याला वेगळा पासवर्ड, जो मी आत्ताच विसरलोय. सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती पंचवटीला ताईकडे. ताईनं ती कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली. घरात आग लागो, चोर येवो, डबा मरो, रामरक्षा तिथं राहील. त्या यादीनं इतक्या वर्षांत मला हे एकदाही सुचवलं नव्हतं.

मग अँटीव्हायरस काढायचं बटण. त्यावर प्रश्न आला: 'नक्की काढायचं?' मी पाच मिनिटं बसून राहिलो. भाच्यानं हात लांब करून दाबलं.

पुढच्या रविवारी पहाटे दोन वाजता: खर्रर्र... खट्.

"अहो, बंद केलंत ना?"

डब्याजवळ जाऊन कान लावला. गार आणि गप्प. आवाज स्वयंपाकघरातून येत होता. दिवा लावला तर शेंगदाण्याच्या बरणीचं झाकण जमिनीवर, आणि ओट्याखाली एक शेपूट सावकाश आत जाताना दिसलं. चांगलंच गलेलठ्ठ होतं. बरेच रविवार मुक्कामाला असणार.