डॅलसची लॉटरी फिक्स नव्हती. कुजलंय ते दुसरीकडे

12 मे 2025 ला शिकागोत अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्ट लॉटरीचा, म्हणजे नवे खेळाडू कोण आधी निवडणार हे ठरवणाऱ्या सोडतीचा निकाल लागला आणि पहिली निवड डॅलस मॅव्हरिक्सच्या पदरात पडली. याच संघाने फेब्रुवारीत आपला सर्वांत मोठा तारा लुका डोन्चिच याला लॉस एंजेलिस लेकर्सकडे धाडून स्वतःच्याच चाहत्यांचे शिव्याशाप घेतले होते. तीन महिन्यांनी त्यांना त्या वर्षीचा सर्वांत हवाहवासा नवा खेळाडू कूपर फ्लॅग मिळाला, तोही 1.8 टक्के शक्यतेवर. तेव्हापासून एक दावा हातोहात फिरतोय: लॉटरी फिक्स आहे, लुका लॉस एंजेलिसला दिल्याची भरपाई लीगने फ्लॅग देऊन केली, 1985 पासून हेच चालू आहे, आणि सोडत बंद खोलीत होते यातच सगळं आलं.

मला हा दावा खोडून काढायचा आहे. लीगची वकिली करायची म्हणून नव्हे. लीगवर चिडावं अशा खऱ्या गोष्टी भरपूर आहेत आणि या खोट्या आरोपाच्या गदारोळात त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. अमेरिकी कॉलेजांतून आणि परदेशांतून येणारी पोरं संघ आळीपाळीने निवडतात. प्लेऑफ हुकलेले 14 संघ लॉटरीत असतात. पहिल्या चार निवडी सोडतीने ठरतात आणि उरलेल्या दहा जास्त हरलेला आधी या क्रमाने.

आता 1.8 टक्क्यांचं घेऊ, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. यंत्रात 1 ते 14 आकड्यांचे चेंडू असतात. त्यातले चार बाहेर काढले की 1001 वेगवेगळे संच होऊ शकतात. त्यातला एक बाद धरतात आणि 1000 संच संघांना वाटून देतात. सर्वांत वाईट तीन संघांना प्रत्येकी 140, पुढे उतरत्या क्रमाने, शेवटच्याला फक्त 5. डॅलस आणि शिकागो दोघंही 39 विजय, 43 पराभवांवर अडकले होते, म्हणून दोघांच्या वाट्याचे 35 संच वाटले गेले: डॅलसला 18, शिकागोला 17.

तर 1000 पैकी 18. दुर्मीळ नक्कीच, पण प्रश्न चुकीचा विचारला जातोय. डॅलसच का, हा प्रश्न निकाल लागल्यावर सुचतो. निकालाआधी विचारायचा प्रश्न असा: मागून पुढे उडी मारणारा कुठलातरी संघ जिंकण्याची शक्यता किती? तळाचे सहा संघ सोडले तर उरलेल्या आठ संघांकडे मिळून 260 संच असतात. म्हणजे साधारण चार वर्षांतून एकदा पहिली निवड यांच्यातल्या कुणाला तरी जाणारच. 2008 मध्ये शिकागोला 1.7 टक्क्यांवर डेरिक रोझ मिळाला. 2014 मध्ये क्लीव्हलँड 1.7 टक्क्यांवरच जिंकलं. 1993 मध्ये 41 सामने जिंकलेल्या ऑरलँडोचा 66 चेंडूंपैकी एकच चेंडू होता आणि तोच वर आला. आदल्याच वर्षी त्यांना शकील ओ'नील मिळाला होता. यावरून इतकी बोंब झाली की लीगला सोडतीची पद्धतच बदलावी लागली. सोडत लीगच्या हातात असती तर हा निकाल तिने स्वतःच्या डोक्यावर कशाला ओढवून घेतला असता?

आणि गोष्ट रचायला काय लागतं? फ्लॅग ड्यूक विद्यापीठाचा, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनात खेळलेला. शार्लट जिंकलं असतं तर ‘घरच्या राज्याला दिला’ म्हटलं असतं. ब्रुकलिन जिंकलं असतं तर ‘न्यूयॉर्कची बाजारपेठ’. सॅन अँटोनियो जिंकलं असतं तर ‘त्यांच्या तारा खेळाडूला, वेम्बान्यामाला, जोडीदार हवाच होता’. चौदाच्या चौदा संघांसाठी कट तयार होता, त्यातला एक खरा ठरल्यासारखा वाटणारच.

याच दाव्याचं शेपूट म्हणजे ‘यूटावर अन्याय झाला’. 17 विजयांसह सर्वांत खाली राहिलेलं यूटा पाचव्या क्रमांकावर घसरलं, हे खरं. पण 2025 च्या नियमांत सर्वांत वाईट संघ पाचवा येण्याची शक्यता 47.9 टक्के होती. त्याच्या बाबतीत सर्वांत अपेक्षित निकाल हाच. 2019 मध्ये हे नियम आल्यापासून 2025 पर्यंत सात लॉटऱ्या झाल्या आणि तळाचा संघ एकदाही जिंकला नाही, याचंही भांडवल केलं जातं. दर वर्षी न जिंकण्याची शक्यता 86 टक्के असेल तर सात वर्षं सलग न जिंकण्याची शक्यता साधारण 35 टक्के येते. कॅल्क्युलेटरवर करून बघा.

भरपाईचा मुद्दा मला सर्वांत तकलादू वाटतो. लुका गेला तेव्हा डॅलस प्लेऑफच्या शर्यतीत होतं. एप्रिलमध्ये ते प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या पात्रता सामन्यांत पोचले. पहिल्या सामन्यात त्यांनी सॅक्रामेंटोला त्यांच्याच मैदानावर हरवलं आणि मग गाठ पडली मेम्फिसशी. तो सामना जिंकला असता तर डॅलस प्लेऑफमध्ये गेलं असतं, लॉटरीत त्यांचं नावही नसतं. त्या रात्री लुकाच्या बदल्यात आलेल्या अँथनी डेव्हिसने 40 गुण काढले. तरीही डॅलस हरलं. म्हणजे कट खरा मानायचा तर फ्लॅगची सोय आधीच झालेली असताना डेव्हिस जीव तोडून खेळला, मेम्फिसचे खेळाडू कटात होते, शिवाय पंचही. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं म्हणतात, त्या डॅलसने लुकाला विकणाऱ्या जनरल मॅनेजर निको हॅरिसनला नोव्हेंबर 2025 मध्ये घरी पाठवलं.

बंद खोलीबद्दल. प्रत्यक्ष सोडत टीव्हीवरच्या कार्यक्रमाआधी होते, हे बरोबर. पण ती खोली रिकामी नसते. लॉटरीतल्या संघांचे प्रतिनिधी आत असतात, काही पत्रकार असतात, लेखापरीक्षण करणाऱ्या कंपनीचा माणूस असतो. सगळ्यांचे फोन काढून घेतात आणि कार्यक्रम संपेपर्यंत कुणाला बाहेर सोडत नाहीत. पहिला चेंडू वर यायच्या आधी यंत्र 20 सेकंद फिरतं, पुढच्या प्रत्येक चेंडूआधी 10 सेकंद. आकडे तिथल्या तिथे तक्त्याशी ताडून बघितले जातात. खोलीतले बहुतेक जण त्या दिवशी हरलेले असतात. त्यांच्या मालकांचं कोट्यवधी डॉलर्सचं नुकसान समोर घडत असतं. गडबडीचा वास जरी आला तरी आरडाओरडा करण्यात सर्वांत जास्त फायदा याच लोकांचा.

माझं मत विचाराल तर लीगने सोडतच थेट दाखवावी. म्हाडाच्या घरांची सोडत लोक थेट बघू शकतात, तर ही का नको? पण पडदा असणं वेगळं आणि पडद्याआड चोरी होणं वेगळं.

1985 चं प्रकरण मात्र झटकून टाकण्यासारखं नाही. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात पहिली लॉटरी झाली. सात संघ, सगळ्यांना समान संधी, सात मोठे लिफाफे. लिफाफे पारदर्शक पिंपात टाकताना एक लिफाफा कडेवर आपटला. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी हात घातला आणि कॉलेजचा तारा पॅट्रिक यूइंग न्यूयॉर्क निक्सला गेला. मग लोक म्हणू लागले, निक्सचा लिफाफा बर्फात गार करून ठेवला होता. दुसरे म्हणाले, त्याचा कोपरा दुमडला होता. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात, पण गारवा हाताला लागणार असेल तर कोपरा दुमडायची गरज काय?

यूइंगने निक्सला एकदाही विजेतेपद मिळवून दिलं नाही, म्हणून कट नव्हता, असं काही जण उत्तर देतात. ते उत्तर कच्चं आहे, कारण 1985 मध्ये पुढचं कुणाला ठाऊक होतं? साधं उत्तर पुरेसं आहे: निक्सची संधी सातात एक होती, आणि चाळीस वर्षांत त्या खोलीतल्या एकाही माणसाकडून पुरावा आलेला नाही. सोडत ढिसाळ होती, एवढं मी मान्य करतो. लीगनेही पुढे लिफाफे सोडून चेंडू आणले.

मोठ्या शहरांना झुकतं माप? 1985 नंतर निक्सला पुन्हा पहिली निवड मिळालेली नाही. लेकर्सना लॉटरी सुरू झाल्यापासून एकदाही नाही. 1997 मध्ये बॉस्टनकडे दोन निवडी होत्या, टिम डंकनवर सर्वाधिक हक्क त्यांचाच दिसत होता. डंकन गेला सॅन अँटोनियोला. त्याच छोट्या बाजारपेठेला 1987 मध्ये डेव्हिड रॉबिन्सन मिळाला होता, 2023 मध्ये वेम्बान्यामा मिळाला. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांचा सॅक्रामेंटो किंग्ज सलग 16 हंगाम प्लेऑफबाहेर राहिला, तरी त्या काळात पहिली निवड एकदाही लागली नाही. 2018 मध्ये नशिबाने दुसरी मिळाली, तर त्यांनी लुकाला सोडून मार्विन बॅगलीला घेतलं. त्यात लीगचा काय दोष?

खरी फिक्सिंग कशी दिसते, तेही याच लीगमध्ये बघायला मिळालं आहे. पंच टिम डोनाही 2007 मध्ये सट्टेबाजीत पकडला गेला आणि तुरुंगात गेला. 2024 मध्ये जोन्टे पोर्टरवर आजन्म बंदी आली, कारण सट्टेबाजांच्या सोयीसाठी तो आजारपणाचं निमित्त करून सामन्यातून बाहेर पडला होता. दोन्ही प्रकरणांत पैशांचा माग होता, बोलणारी माणसं होती, न्यायालयात कबुली होती. लॉटरीबाबत यातलं काहीच नाही.

चीड यायची तर ती उघड्यावर चाललेल्या गोष्टीची यावी. लॉटरी आली तीच मुळात मुद्दाम हरणं थांबवायला. त्याआधी दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांत नाणेफेक होत असे. पण तळाच्या संघाला पाचव्याखाली घसरायची भीती नसेल, तर हरण्यात तोटा काय? मार्च 2025 मध्ये लॉरी मार्कनेनला बाकावर बसवल्याबद्दल यूटाला 1 लाख डॉलर दंड झाला. कोट्यवधींच्या व्यवसायात एवढा दंड म्हणजे किरकोळ खर्च.

आणि डॅलसचंच बघा. 2023 मध्ये त्यांची निवड पहिल्या दहात राहिली नाही तर आधीच्या एका सौद्यानुसार ती निक्सला द्यायची होती. हंगामाचे दोन सामने उरलेले, प्ले-इनची आशा अजून जिवंत, आणि शिकागोविरुद्ध डॅलसने कायरी अर्व्हिंगसह बरेच प्रमुख खेळाडू बसवले, लुकाला थोडा वेळ खेळवून बाहेर काढलं. तिकीट काढून आलेल्या घरच्या प्रेक्षकांसमोर सामना घालवला. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला, पण निवड त्यांच्याकडेच राहू दिली. ती दहावी आली, तिच्या अदलाबदलीतून डेरेक लाइव्हली मिळाला, आणि पुढच्याच वर्षी तो डॅलसकडून अंतिम फेरीत खेळला.