29:11 फॉरवर्ड करण्याआधी 29:10 वाचा

कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी कॅन्सरचं निदान झालं, की चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायबलमधलं यिर्मया 29:11 हे वचन येऊन पडतं. मागे सूर्योदय, कोपऱ्यात गुलाब. देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, तो तुम्हाला आशा देणार आहे. वचन खरंच आहे. पण ते ज्यांना लिहिलं गेलं त्यांचे काय हाल चालले होते हे कुणी सांगत नाही. म्हणून संकटातल्या माणसाला त्याचा आधार वाटायच्या ऐवजी टोचणी लागते: मग माझंच का बरं होत नाही?

ही एका पत्रातली ओळ आहे. इ.स.पू. 597 च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून लोक धरून बाबेलला नेले, त्यांना यिर्मया संदेष्ट्याने हे पत्र धाडलं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतोय की 2 वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया म्हणतो, 70 वर्षं. हा आकडा 29:10 मध्ये आहे, आपल्या लाडक्या वचनाच्या अगदी डोक्यावर. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. मग त्यांनी करायचं काय? तेही 5 ते 7 मध्ये दिलंय: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ख्रिस्ती आशा मला या कामाच्या यादीत दिसते. हनन्याचे वारसदार आजही भरपूर आहेत, स्टेजवर आणि यूट्यूबवर. ‘इतकं दान पेरा, इतक्या दिवसांत चमत्कार’ असं कुणी म्हणालं की यिर्मया 28 उघडावं.

आपल्याकडे हे जगून दाखवलेलं माणूस शोधायला लांब जायला नको. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, लग्नानंतर दोनेक वर्षांत, 1882 मध्ये नवरा पटकीने गेला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून शेकडो मुलींना पुण्याजवळच्या केडगावला घेऊन आल्या. तिथे प्रार्थना होतीच, पण शेती, विहिरी, विणकाम आणि छापखानाही होता. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम रमाबाईंनी सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. याला म्हणतात मळे लावणं.

आता प्रार्थनेकडे. आपल्या मंडळ्यांना स्तुती छान येते, तक्रार येत नाही. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, पण रविवारी ती क्वचितच ऐकू येतात. ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ ही 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ येशूने वधस्तंभावर उच्चारली, आणि आपण ‘देवाला प्रश्न विचारू नये’ म्हणून मुलांना गप्प करतो!

विलाप करायची रीत शिकायची तर 13 वं स्तोत्र घ्या. फक्त 6 ओवी. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार, तीही थेट देवाच्या तोंडावर. मूळ स्तोत्रात ‘कुठवर’ हा सवाल 4 वेळा येतो. पुढच्या दोन ओव्यांत मागणी. शेवटच्या दोनमध्ये भरवसा. आधी ते मोठ्याने वाचा, मनात नको, कारण मनात वाचताना विचार भरकटतो. मग वहीत ‘कुठवर’ने सुरू होणारी स्वतःची तीन-चार वाक्यं लिहा, देवाला ‘तू’ म्हणून. ‘प्रभू, माझ्या अडचणी तुला ठाऊक आहेत’ असं गुळमुळीत नको. हप्ता किती थकलाय, रिपोर्टमध्ये काय आलंय, कोण बोलायचं बंद झालंय, ते लिहा. त्याखाली एकच मागणी, आजच्या दिवसापुरती. प्रभूच्या प्रार्थनेतही रोजची भाकर आजच्यापुरतीच मागितली आहे. सगळं पंधरा मिनिटांत होतं. जमल्यास सकाळी करा. रात्री दोन वाजता एकट्याने उकरत बसलं की प्रार्थना संपते आणि नुसती काळजी उरते.

बहुतेकांचं चुकतं ते पाचव्या ओवीपाशी. भरवसा वाटत नसताना ‘हालेलुया’ जबरदस्तीने लिहून टाकतात, आणि चार दिवसांनी सगळंच खोटं वाटू लागतं. भरवसा आला नाही तर तक्रार आणि मागणीवर थांबा. 88 वं स्तोत्र तसंच थांबतं. ते अंधारात संपतं, शेवटी आशेची ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. दुसरी चूक देवाशी सौदा करण्याची: हे दे, मग मी ते करीन. प्रेषित पौलाने ‘अंगातला काटा’, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, काढण्यासाठी 3 वेळा विनंती केली, काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. प्रार्थना करूनही ‘नाही’ येतं आणि त्याचा अर्थ विश्वास कमी पडला असा होत नाही. ‘विश्वास कमी पडतोय’ हे वाक्य आजाऱ्याच्या उशाशी उच्चारायला खरं तर मंडळीत बंदी हवी.

1 राजे 19 मधला एलीया संदेष्टा बघा. झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. होरेब डोंगर आणि देवाची वाणी त्याच्या कितीतरी नंतर. म्हणून झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरकडे जाणं हा विश्वासाचा अभाव नव्हे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कोणत्याही वेळी चालतो, मराठीतही बोलता येतं. पाळकसाहेबांनी उपासनेच्या सूचनांमध्ये तो वाचून दाखवावा. आणि औषधं चालू असतील तर ‘प्रभू बरं करील, गोळ्या बंद करा’ असं सांगणाऱ्याला घराच्या बाहेरूनच सलाम करा.

भेटायला जाणाऱ्यांसाठीही थोडं. मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र 7 दिवस 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कारण लागलं तरी कुणी सांगत नाही. ‘मंगळवारचा रात्रीचा डबा माझ्याकडे’, ‘शुक्रवारी हॉस्पिटलमध्ये मी झोपतो’ असं वार लावून सांगा. पहिल्या आठवड्यात घरात पाय ठेवायला जागा नसते आणि दीड महिन्यानंतर कुणी फिरकत नाही, बिलं मात्र तेव्हाच येतात. महिला मंडळाने किंवा तरुण संघाने यादी करताना नावं पुढच्या दोन महिन्यांत वाटून घ्यावीत. पैसे देणार असाल तर उसने देऊ नका, झेपेल तेवढे द्या आणि विसरा. उसने दिले की तो माणूस उपासनेला यायचा टाळतो. प्रार्थनाविषय ग्रुपवर टाकण्याआधी घरच्यांना विचारा. आजाराचं नाव, मुलीचं मोडलेलं लग्न, नवऱ्याचं व्यसन हे सगळं ‘प्रार्थना करा’च्या नावाखाली गावभर होतं.

उपासना चालवणाऱ्यांना एक विनंती: महिन्यातून एका रविवारी 13, 42 किंवा 88 वं स्तोत्र पूर्ण वाचा. त्यावर बोध नको, लगेच आनंदाचं गीतही नको. मिनिटभर थांबा आणि मग पुढचा कार्यक्रम घ्या.