एस्तान्सिया म्हणजे पोलो क्लब नव्हे

सध्या एक मजकूर फिरतो आहे: अर्जेंटिनातल्या जुन्या एस्तान्सिया, म्हणजे गुरांच्या मोठ्या जमीनदाऱ्या, पोलोवेड्या श्रीमंतांनी बांधल्या, गायी आणि शेती नावापुरती, घोडे खास बुटक्या जातीचे आणि मैदानावरचं गवत गायीच चरून टाकतात.

‘पोलोसाठी बांधल्या’ हे तर उलटंच. अर्जेंटिनातले पोलोचे पहिले सामने १८७५च्या सुमाराचे, तेही तिथे स्थायिक झालेल्या ब्रिटिशांचे. त्याआधी कित्येक वर्षं पांपा या सपाट गवताळ प्रदेशातल्या एस्तान्सिया कातडी, खारवलेलं मांस आणि लोकर यांवर चालत होत्या. सपाट जमीन, घोडे आणि दिवसभर खोगिरावर बसणारे गाऊचो, म्हणजे तिथले घोडेस्वार गुराखी, तिथे आयतेच होते.

‘शेती नावापुरती’ म्हणणाऱ्याने लसूणघासाची पद्धत पाहावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मालक कुळाला काही वर्षं गव्हासाठी जमीन देई. जाताना कुळाने तिथे लसूणघास पेरून द्यायचा. त्यावर शॉर्टहॉर्न, हिरफर्ड आणि अँगस गुरं पोसली जात. हा चारा कोवळा असताना भुकेली गुरं त्यात सोडली तर पोट फुगून तासाभरातही दगावतात. म्हणून आधी वाळकी वैरण, मग थोडा वेळ रान. आज काही एस्तान्सिया पर्यटकांवर चालतात हे खरं, पण ती अलीकडची गोष्ट.

‘बुटकी जात’? पोलोत ‘पोनी’ म्हणतात, पण जनावर पूर्ण वाढीचा घोडा असतं, खांद्यापर्यंत साधारण १५२ ते १६० सेंटिमीटर. शर्यतीच्या थरोब्रेड जातीचा वेग आणि स्थानिक क्रिओयोचा काटकपणा यांच्या संकरातून ही पैदास झाली. खेळात बहुधा घोड्याच असतात. साधारण तिसऱ्या वर्षी खोगीर चढतं. मग थांबणं, वळणं, लगामाला हलकं राहणं; स्टिक त्यानंतर. यात घाई केली की तोंड कठीण होतं, लगाम ओढला तरी घोडी थांबत नाही, आणि ते नंतर सुटणं फार अवघड. चक्कर, म्हणजे पोलोचा एक डाव, सुमारे सात मिनिटांचं आणि दरवेळी घोडी बदलावी लागते, म्हणजे एका खेळाडूमागे अनेक घोड्या, त्यांची शिंगरं आणि तेवढा चारा. हा भार शेतीच उचलते.

मैदानावर गुरं? पूर्ण मैदान ३०० बाय २०० यार्ड, म्हणजे पाच हेक्टर. ओल्या मातीत गायींचे खूर रुतून खड्डे पडतात, आणि भरधाव घोडीचा पाय त्यात गेला तर हाड मोडतं. घोड्यांच्या खुरांनी उखडलेली ढेकळंसुद्धा सामन्याच्या मध्यंतरात पायांनी दाबून बसवतात. जिथे माती निघून गेलेली असते तिथे नंतर वाळू भरून गवत लावतात.