तलफ आली म्हणून माळ काढू नये

चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. तरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय निघाला की अजून दोन तट पडतात. मी इथे सिएटलमध्ये ते वाचतो आणि मला मामा आठवतो.

मामाने पंढरपुरात माळ घातली. सव्वा वर्ष थेंबाला शिवला नाही. एका संध्याकाळी तलफ आली, तशी त्याने माळ काढून देव्हाऱ्यात नीट ठेवली आणि गेला. पुढे मला म्हणाला, "दारू मनात आली तेव्हाच माळ विटाळली. मग प्यायलो काय नि नाही काय."

ही चूक कुठली, ते मला इथे सिगारेट सोडताना उमगलं. समुपदेशक बाईंची पद्धत ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपीची, स्टीव्हन हेज आणि सहकाऱ्यांनी नेवाडात उभी केलेली. त्यात तलफेशी झुंजायचं नाही. ती येणारच, तिला येऊ द्यायचं आणि आपल्याला जे जपायचंय त्याच वाटेने चालत राहायचं. मी मागच्या पायरीवर बसायचो. घसा कोरडा, जबडा आवळलेला, हात आपसूक खिशाकडे. 'एकच झुरका' असं आतून आलं की म्हणायचं, 'माझं मन म्हणतंय, एकच झुरका.' एवढ्यानेही त्या विचाराची पकड सैल व्हायची. तलफ कधी दहा मिनिटांत ओसरायची, कधी अर्धा तास छळायची.

इथल्याच फ्रेड हच या कर्करोग संशोधन केंद्राने या पद्धतीचं ॲप २,४१५ जणांत तपासलं, नेहमीच्या सल्ल्याच्या ॲपशी ताडून. वर्षाने सिगारेटपासून लांब होते २८ टक्के, दुसरीकडे २१. जादू नव्हे, हे मान्य. शिवाय रोजच्या पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिटही येऊ शकते. तिथे आधी डॉक्टरच हवा.

बंदीसाठी बायांनी जे सोसलं त्यापुढे मी नमतो, आणि बंदी हवीच या बाजूचा आहे. पण दुकान बंद झालं तरी संध्याकाळी सात वाजायचे थांबत नाहीत. त्या वेळेला माणसाशेजारी बसणारं कुणीतरी तालुक्याच्या दवाखान्यात असावं, हे ग्रुपवरच्या दोन्ही तटांतलं कुणीच मागत नाही, याचा मला राग येतो. माळ तर आपल्याकडे आधीपासून आहे. तलफ आली तरी ती गळ्यातच राहू दे, एवढंच मामाला कुणी सांगितलं नव्हतं.

परवा फोनवर त्याला हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "देव्हाऱ्यातच आहे ती. मामी रोज पुसून ठेवते."